साठ पदरांचा लाल फेस

टेलरमेड कंपनीने जानेवारी २०२२मध्ये ‘स्टेल्थ’ नावाचा ड्रायव्हर बाजारात आणला, तेव्हा आधी नजरेत भरला तो त्याचा रंग. चेंडूला भिडणारा समोरचा भाग, ज्याला गोल्फवाले फेस म्हणतात, तो चक्क लाल होता. त्याआधीची चाळीसएक वर्षं हा भाग बहुतेक धातूचाच असायचा, करडा किंवा काळपट, आपल्याकडे कुणी बघावं अशी अपेक्षा नसलेला. इथे मात्र मागचं सगळं हेड काळं आणि पुढे हा झगझगीत लाल तुकडा. जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली, तरुणांनी फोटो काढले. त्या लाल रंगाखाली कार्बन फायबरचे साठ पातळ थर एकमेकांवर दाबून बसवलेले होते, हे खरं पाहण्यासारखं काम. ते मात्र दिसत नव्हतं.

रसग्रहण कवितेचं होतं, चित्राचं होतं. अवजाराचंही व्हायला हरकत नाही. फक्त ते ज्या अडचणीतून घडलं, ती अडचण आधी समजून घ्यायला हवी, नाहीतर आपण नुसत्या चकाकीचं कौतुक करत बसतो.

अडचण अशी आहे. ड्रायव्हर म्हणजे पहिल्या, लांब फटक्याची काठी. तिच्या टोकाच्या हेडचं वजन साधारण २०० ग्रॅम. त्याहून फार जड केलं तर ते पुरेशा वेगाने फिरत नाही; फार हलकं केलं तर चेंडूवर जोर येत नाही. चेंडू नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असू शकत नाही. या दोघांची भेट होते ती सेकंदाच्या जवळपास दोन हजाराव्या भागापुरती. त्यावर आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांची कुंपणं. हेडचं आकारमान ४६० घनसेंटिमीटरच्या आत हवं. फेसचा स्प्रिंगसारखा उसळीपणा ठरावीक मर्यादेतच हवा. आणि आडवातिडवा फटका बसला तर हेडने वळायला किती विरोध करावा, यालाही कमाल मर्यादा आहे, ५९०० ग्रॅम-वर्गसेंटिमीटर. वजन ठरलेलं, आकार ठरलेला, उसळी ठरलेली. मग कारागिराच्या हातात उरतं काय? एवढंच, की हे २०० ग्रॅम कुठे ठेवायचे.

सगळी कला या एका प्रश्नात आहे. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट, टायटॅनियमच्या मिश्रधातूची साडेचारच्या आतबाहेर, कार्बनचे धागे आणि राळ मिळून झालेल्या पत्र्याची जेमतेम दीड-पावणेदोन. जिथे जिथे धातू काढून हा पत्रा बसवता येतो, तिथे तिथे काही ग्रॅम हातात येतात. वाचवलेला एकेक ग्रॅम मग खाली, मागे, कडेला, जिथे त्याचा उपयोग होईल तिथे खर्च करायचा.

स्टेल्थच्या लाल फेसकडे वळण्याआधी मला हेडच्या माथ्याकडे बघायचं आहे. त्याला क्राउन म्हणतात. चेंडूपाशी उभं राहिल्यावर खेळाडूला खाली दिसतो तो हा भाग. क्राउनला चेंडू कधी लागत नाही (लागला तर त्या फटक्याबद्दल न बोललेलं बरं). त्याचं काम झाकणाचं आणि आकार धरून ठेवण्याचं. म्हणजे त्याचं वजन जवळजवळ फुकट जातं. फुकटच नव्हे, ते नुकसान करतं. वर असलेला प्रत्येक ग्रॅम गुरुत्वमध्य वर ओढतो. आणि तो जितका खाली आणि मागे, तितका चेंडू सहज उंच उठतो. टायटॅनियम ओतून क्राउन करायचा तर अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाणं अवघड असतं. वितळलेला धातू इतक्या अरुंद फटीत नीट पसरत नाही, आणि पसरला तरी तो पत्रा बोटाने चेपेल असा होतो. तिथेच थोडा जाड पण कितीतरी हलका कार्बनचा पत्रा बसवला, की माझ्या ढोबळ हिशेबाने दहा-बारा ग्रॅम सुटतात.

दहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. दहा ग्रॅमचं वजन गुरुत्वमध्यापासून आठ सेंटिमीटर मागे नेलं तर त्याचा वाटा होतो ६४०, म्हणजे नियमाने घालून दिलेल्या कमाल मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त. टेलरमेडच्याच २०१५च्या ‘एम१’ ड्रायव्हरला सात थरांचा कार्बन क्राउन होता. पुढचा पट्टा पांढरा, मागे कार्बनचा काळा माथा आणि त्यात धाग्यांची वीण अंधूक दिसणारी. मला विचाराल तर दिसण्याच्या बाबतीतही स्टेल्थपेक्षा एम१ जास्त देखणा. त्यात सामग्री दिसते, लपवलेली नाही.

थरांवर थर चिकटवून हेड करण्याची युक्ती गोल्फला नवी नाही. विसाव्या शतकातला बराच काळ ड्रायव्हरची हेडं पर्सिमन या अमेरिकन झाडाच्या लाकडाची असत. आपल्या विदर्भातल्या ज्या टेंभुर्णीच्या पानांत विडी वळतात, तिच्याच प्रजातीतलं हे झाड. दाट, कठीण, ठोक्याला खणखणीत. पण चांगलं पर्सिमन महाग आणि दुर्मिळ होत गेलं, तशी मेपलच्या पातळ पट्ट्या सरसाने जोडून केलेली हेडं आली. रसिकांनी त्यांना कायम दुय्यम मानलं. पर्सिमनच्या एकसंध लाकडातल्या रेषा पाहून माणसं हरखायची, आणि लॅमिनेटला ‘स्वस्तातलं’ म्हणून हिणवायची. वस्तुस्थिती उलटी होती. एकसंध लाकडाचा प्रत्येक ठोकळा वेगळा. दमट हवेत कोणता फुगेल, कोणता तडकेल सांगता यायचं नाही. थरांचं मेपल मात्र एकासारखं एक. पिंग कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइम यांच्यासारख्या इंजिनिअर माणसाने आपल्या लाकडी ड्रायव्हरांसाठी लॅमिनेटेड मेपलच निवडलं, याचं मला नवल वाटत नाही. ज्याला मोजायची सवय आहे त्याला एकसारखेपणाची किंमत कळते.

१९७९मध्ये गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड सुरू केली ती पोलादी हेड घेऊन, आणि लाकडाचे दिवस भरत आले. गोल्फपटू बर्नहार्ड लांगर १९९३ची मास्टर्स स्पर्धा पर्सिमनचा ड्रायव्हर घेऊन जिंकला, पण तोवर ते हौशी माणसाचं लक्षण होऊन बसलं होतं. दोनच वर्षांनी कॅलवे कंपनीचा टायटॅनियमचा ‘ग्रेट बिग बर्था’ आला आणि धातूचं राज्य पक्कं झालं.

मधल्या काळात कार्बन फायबर प्रयोगशाळेतून बाहेर पडलं होतं. १९५८मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन, १९६१मध्ये जपानात अकिओ शिंदो, मग ब्रिटनमध्ये फार्नबरो इथले संशोधक, असा तो प्रवास. विमानांना तयार व्हायला वेळ लागला. गोल्फच्या दांड्या आणि मासेमारीच्या काठ्या हे या धाग्याचं सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक. दांडी कार्बनची झाली तरी हेडचं काय, हा प्रश्न राहिला. आपल्याला बॅडमिंटनमुळे ओळखीची असलेली योनेक्स कंपनी १९८०च्या दशकातच कार्बनच्या हेडकडे वळली होती. पण ज्या अपयशाने पुढच्यांना सगळ्यात जास्त शिकवलं, ते २००२मध्ये कॅलवेच्या वाट्याला आलं.

त्या ड्रायव्हरचं नाव ‘सी४’. सबंध हेड कार्बन संमिश्राचं. कागदावर त्यात खोट काढायला जागा नव्हती. धातू नाही म्हणजे वजनाची चंगळ, हवे तिथे हवे तेवढे ग्रॅम. चेंडूही चांगला जायचा. तरी तो पडला, आणि पडला तो आवाजामुळे. टायटॅनियमच्या पोकळ हेडवर चेंडू आदळला की किंचित घणघणणारा, उंच पट्टीतला टण्कार उठतो. कार्बनचा पत्रा हा आवाज गिळतो. धाग्यांमधली राळ कंपनांची ऊर्जा स्वतःत मुरवून घेते, म्हणून घुमणं जवळपास होतच नाही. फटका बसल्यावर ‘थप्’ असं काहीतरी ऐकू यायचं. चेंडू दूर गेलेला डोळ्यांना दिसत होता, पण कान म्हणत होते की फटका फसला. गिऱ्हाइकाने कानाचं ऐकलं.

हा प्रसंग मला फार आवडतो. ‘हाताला कसं लागलं’ असं खेळाडू म्हणतो तेव्हा त्यातला मोठा भाग तो ऐकलेला असतो, हाताने जाणवलेला नसतो. सी४च्या कारागिरांनी २०० ग्रॅमचा हिशेब चोख मांडला होता. आवाजाला वजन नसतं, म्हणून तो हिशेबात आलाच नाही. आज त्या ड्रायव्हरला हसणारे पुष्कळ आहेत. मला तो या सगळ्या वंशातला सर्वांत प्रामाणिक प्रयोग वाटतो. त्याने तडजोड केली नाही, आणि त्याची किंमत मोजली. दोन वर्षांनी त्याच कंपनीने ‘फ्यूजन’ काढला. त्यात फेस टायटॅनियमचा, मागचं अंग कार्बनचं. आवाजापुरता धातू परत आला. त्यानंतर बराच काळ सगळ्यांनीच कमीअधिक फरकाने हाच मार्ग धरला.

म्हणून स्टेल्थचं धाडस मोठं. तिथे फेसच कार्बनचा.

त्याची घडण बघू या. कार्बनचा एक धागा माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका, पाच-सात मायक्रॉनचा. असे हजारो धागे एका दिशेने शेजारी शेजारी मांडून, अर्धवट सुकलेल्या राळेत भिजवून त्यांचा कागदासारखा पातळ पत्रा करतात. कारखान्यात त्याला प्रीप्रेग म्हणतात. हा पत्रा धाग्यांच्या दिशेने ओढला तर पोलादाला लाजवील. आडवा ओढला तर हाताने फाटेल, कारण तिथे ताण घ्यायला नुसती राळ उरते. पत्र्याची ही एकांगी ताकद कारागीर थरांच्या दिशा बदलून सर्वांगी करतो. एक थर सरळ, पुढचा पंचेचाळीस अंशांत तिरका, मग उलट बाजूने तिरका, मग आडवा. आणि मधल्या रेषेच्या वर जसा क्रम, तसाच खाली, आरशात पाहिल्यासारखा. हा समतोल शोभेसाठी नाही. साच्यात तापून पत्रा गार होऊ लागला की राळ आकसते, धागे मात्र आपल्या लांबीत जवळपास तसूभरही आकसत नाहीत. क्रम सममित नसेल तर पत्रा आपोआप पिळवटतो.

आपल्याकडे चिरोटे करताना साटा लावून पदर रचतात, आणि तळल्यावर ते पदर सुटे उमलले तरच सुगरणीचं नाव होतं. इथे रचना तशीच, परीक्षा नेमकी उलटी. ताशी पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरच्या वेगाने ठोका बसल्यावर साठांपैकी एकही पदर शेजाऱ्यापासून सुटता कामा नये. थर उलगडणं, हाच या सामग्रीचा मृत्यू. धातू चेपतो, पोचा पडतो, म्हणजे आपली जखम दाखवतो. कार्बनचा पत्रा बाहेरून धडधाकट दिसतो आणि आत थर सुटलेले असू शकतात.

टेलरमेडच्या या विषयावरच्या पेटंटांमधल्या आकृत्या पाहण्यासारख्या आहेत. पूर्ण थरांच्या मधेमधे प्रीप्रेगच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना मध्यावर छेदत, चांदणीच्या आकारात टाकलेल्या दिसतात. परिणाम असा, की मध्यभागी जिथे पट्ट्या एकमेकींवर येतात तिथे फेस जाड, आणि कडेकडे तो हळूहळू पातळ. टायटॅनियममध्ये हीच जाडी-बारीकी यंत्राने कोरून आणावी लागते, म्हणजे धातू काढून टाकावा लागतो. इथे ती बेरजेतूनच आली. दुसरी गोष्ट मला त्याहून सुंदर वाटते. पत्रा मुद्दाम हव्या त्या मापापेक्षा मोठा साच्यात घालतात. दाबाखाली अडकलेली हवा आणि सगळे दोष कडेकडे सरकतात, आणि मग ती कड कापून फेकून देतात. शेवटच्या वस्तूत कुठेही नसलेला हा भाग असतो म्हणूनच उरलेला भाग निर्दोष असतो.

तयार फेसचं वजन २६ ग्रॅम. तशाच टायटॅनियमच्या फेसपेक्षा तो सुमारे चाळीस टक्के हलका, असं कंपनी सांगते. आणि तो लाल रंग? तो असतो पॉलियुरेथेनच्या पातळ आवरणात, आणि आवरण नुसतं रंगासाठी नाही. कार्बनचा गुळगुळीत पत्रा पावसात, दवात चेंडूवर पकड घेत नाही. चेंडू निसटल्यासारखा सुटतो आणि हवेत भरकटतो. आवरणावर डोळ्यांना न दिसणारा बारीक पोत आहे, तो पाणी असतानाही चेंडूला धरतो. फेसवरच्या रेषाही त्यातच. ज्याला आपण नखरा समजलो, ते काम निघालं. आवाजासाठीही धडा गिरवलेला दिसतो. फेस ज्या टायटॅनियमच्या चौकटीत चिकटवला आहे त्या अंगाच्या आत फासळ्या घालून कंपनं हवी तशी घुमवली आहेत. सी४चा ‘थप्’ इथे नाही, घणघणाटही नाही. एक आटोपशीर, थोडा खालच्या पट्टीतला ठोका आहे. टायटॅनियम आणि कार्बनचं जमतंही चांगलं. ॲल्युमिनियम उघड्या कार्बनला लागून राहिलं तर ओलाव्यात गंजतं, टायटॅनियमला तो त्रास नाही.

२०२२च्या एप्रिलमध्ये स्कॉटी शेफलरने मास्टर्स जिंकली, बॅगेत ‘स्टेल्थ प्लस’ ड्रायव्हर होता. जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं!

इथे मात्र कौतुकाला थोडा आवर घालायला हवा. लाल फेसबद्दल सर्वांत मोठ्याने सांगितलं गेलं ते असं, की हलका फेस चेंडूला जास्त ऊर्जा देतो. पण फेसच्या उसळीला नियमाची मर्यादा आहे आणि चांगले टायटॅनियमचे फेस त्या मर्यादेला आधीच टेकलेले होते. भिंतीला टेकलेल्या माणसाला आणखी मागे सरकता येत नाही. कार्बनच्या फेसचा खरा फायदा म्हणजे वाचलेले ग्रॅम, आणि ग्रॅम तर क्राउनमधूनही वाचतात, तेही कमी जोखमीत.

याचा निवाडा जानेवारी २०२४मध्ये आपोआप झाला, असं मला वाटतं. त्या महिन्यात दोन ड्रायव्हर समोरासमोर आले. टेलरमेडचा ‘क्यूआय१० मॅक्स’, फेस कार्बनचा, आणि माथ्यावर जवळजवळ कडेपर्यंत पसरलेला कार्बन क्राउन. पिंगचा ‘जी४३० मॅक्स १०के’, फेस टायटॅनियमचा, क्राउन कार्बनचा. दोघांनीही आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांच्या वळणविरोधाची बेरीज दहा हजारांवर नेल्याचं जाहीर केलं. एकाने साठ पदरांचा फेस रचून तिथे पोचायचं, दुसऱ्याने जुन्याच धातूचा फेस ठेवून. दोघांत समान काय? काळा माथा. दरम्यान कॅलवेनेही २०२३च्या ‘पॅराडाइम’मध्ये मधल्या अंगातून टायटॅनियम हद्दपार केलं, पण चेंडूसमोर धातूच उभा ठेवला.

माझं मत असं: कार्बनच्या थरांचं गोल्फमधलं अस्सल काम क्राउनमध्ये आहे, फेसमध्ये नाही. फेस ही कर्तबगारी आहे, ती दाद घेते, आणि तिला दाद दिलीच पाहिजे. पण क्राउन ही गरज आहे. तिथे सामग्रीचा स्वभाव आणि जागेची मागणी यांचं पूर्ण जमलेलं आहे. हलकं असावं, आकार धरावा, मार खाऊ नये. फेसला मात्र जन्मभर मारच खायचा आहे, आणि थरांचा पत्रा मार खाऊन आत कसा बदलतो हे बाहेरून दिसत नाही.

ते मोजावं लागतं. मोठ्या स्पर्धांच्या आधी अधिकारी लोलकाला लावलेली छोटी पोलादी गोळी फेसवर सोडतात आणि ती फेसला किती वेळ चिकटून राहिली हे पाहतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंदांची, वर १८ची सवलत. हजारो फटके खाल्लेला फेस सैलावतो, वेळ वाढत जातो, आणि एक दिवस कायदेशीर ड्रायव्हर बेकायदा ठरतो. हे टायटॅनियमचं होतं हे जुनं ज्ञान. मे २०२५मध्ये शार्लटच्या क्वेल हॉलो मैदानावर पीजीए चॅम्पियनशिपच्या आठवड्यात शेफलरचा कार्बन फेसचा ड्रायव्हर या चाचणीत नापास झाला. वर्षाहून अधिक काळ तो त्याच्या वापरात होता. त्याने राखीव ड्रायव्हर बॅगेत घातला आणि स्पर्धा पाच फटक्यांनी जिंकली.